पिवळ्या ठिपक्याची बाटली

गुरुवारी दुपारी विद्यापीठाच्या प्राणिशाळेतला फ्रीज बंद पडला आणि इनासने उंदरांच्या औषधाच्या चार बाटल्या घरी आणून सासूच्या फ्रीजमध्ये ठेवल्या. रमजानचा शेवटचा आठवडा होता. फ्रीजमध्ये मलूखियाची भाजी, दोन कोंबड्या, शुक्रवारी येणाऱ्या पाहुण्यांसाठी भात भरलेली द्राक्षाची पानं आणि कतायफ नावाच्या गोड करंज्यांच्या सारणाचं मोठं भांडं होतं. त्यांच्यामागे, अगदी कोपऱ्यात, तिने बाटल्या उभ्या केल्या. झाकणांवर तांबडा, हिरवा, निळा आणि पिवळा असे चार ठिपके होते. तिने एका कागदावर लिहिलं, "हात लावू नये. इनास." तो कागद बाटल्यांना दोऱ्याने बांधला. दोरा आणि कागद दोन्ही शुक्रवारी सकाळी कोंबड्या काढताना ओले होऊन गळून पडले, हे नंतर कळलं.

त्या बाटल्यांत काय होतं हे इनासला स्वतःलाच ठाऊक नव्हतं, आणि ते ठाऊक नसणं हेच तिचं काम होतं. तापाच्या गोळीतलं पॅरासिटामॉल प्रमाणाबाहेर गेलं की यकृत बिघडतं. डाळिंबाच्या सालीचा अर्क सोबत दिला तर ते वाचतं का, हा तिच्या पीएचडीचा प्रश्न. त्यासाठी चाळीस उंदीर चार पिंजऱ्यांत विभागले होते आणि त्यांना चार आठवडे रोज डोस द्यायचा होता. एका बाटलीत नुसतं रंगवलेलं पाणी, दुसरीत नुसतं पॅरासिटामॉल, तिसरीत पॅरासिटामॉल आणि डाळिंबाची साल, चौथीत पॅरासिटामॉल आणि बाजारात मिळणारं यकृताचं जुनं वनस्पती-औषध. चारही बाटल्या तिच्या मार्गदर्शक डॉ. मुफीदा यांनी स्वतः भरल्या होत्या आणि जळकी साखर व बडीशेप घालून एकसारख्या तपकिरी केल्या होत्या. कोणत्या ठिपक्यात काय, याची यादी एका पाकिटात बंद होती. पाकिटावर बाईंची आडवी सही.

"माणसाला उत्तर आधी कळलं की त्याला उंदराचं यकृतसुद्धा आपल्या बाजूचं दिसायला लागतं," बाई म्हणत. "यादी फुटली की काम पहिल्यापासून."

काम पहिल्यापासून म्हणजे नवे उंदीर आणि नवे चार आठवडे. इनासची नोंदणी ईदनंतर दहा दिवसांनी संपत होती, आणि ती आधीच दोनदा वाढवून घेतलेली होती. तीन आठवडे झाले होते. शेवटच्या आठवड्याच्या बाटल्या भरून बाई उमरा करायला मक्केला गेल्या होत्या. शनिवारी सकाळी या चार बाटल्यांतून डोस सुरू करायचा, एवढंच उरलं होतं.

शुक्रवारचे पाहुणे साधे नव्हते. नणंदेला, म्हणजे रीहामला, पाहायला तामेर आणि त्याचे आईवडील दुसऱ्यांदा येत होते. पहिल्या भेटीत तामेरच्या वडिलांनी, हाग्ग म्हणजे हाजी असलेल्या रऊफ यांनी, "ईदनंतर बघू" असं म्हटलं होतं. इनासची सासू हाग्गा फौकीया तेव्हापासून त्या दोन शब्दांवर विचार करत होती.

"ईदनंतर बघू म्हणजे नाही," फौकीया म्हणाली.

"ईदनंतर बघू म्हणजे ईदनंतर बघू," सासरे बदीरसाहेब म्हणाले. ते भूगोलाचे निवृत्त शिक्षणाधिकारी होते आणि नकाशावर जे लिहिलंय तेच मानायचे.

शुक्रवारी दुपारी इनास उंदरांची वजनं करायला गेली आणि रस्त्यात अडकली. घरी पोचली तेव्हा रोजा सोडण्याची मगरिबची बांग होऊन पंधरा मिनिटं झाली होती. जेवण निम्म्यावर आलं होतं. तिने खजूर तोंडात टाकला, पाणी प्यायली आणि बसली. टेबलावर मधोमध काचेचं मोठं भांडं होतं, तळाशी बोटभर तपकिरी पेय उरलेलं.

"इनास, तुझे हात सलामत," तामेरची आई, उम्म तामेर, म्हणाल्या. "असं खर्रूबच्या शेंगांचं सरबत मी आयुष्यात प्यायले नाही."

इनासला वाटलं सासूने कुठून तरी आणलं असेल आणि नाव आपलं घेतलं असेल. फौकीया तिच्याकडे बघून डोळे मिचकावत होती. इनासने नम्रपणे मान झुकवली.

जेवण झालं, चहा झाला. फौकीया तरावीहच्या नमाजासाठी मशिदीत निघून गेली. फोन घरीच ठेवून, कारण अल्लाहच्या घरात तिला कुणाचे फोन नको होते. पाहुण्यांना ती बजावून गेली की कतायफ खाल्ल्याशिवाय उठायचं नाही. साडेसातला इनासने सारणाचं भांडं काढायला फ्रीज उघडला.

तांबडा होता, हिरवा होता, निळा होता. पिवळा नव्हता.

तिने मलूखिया काढली, कोंबडीचं उरलेलं काढलं, भाजीचा खण काढून ओट्यावर उपडा केला. पिवळा नव्हता. मग तिला टेबलावरचं काचेचं भांडं आठवलं आणि ती ओट्याला धरून उभी राहिली.

रीहाम ताटल्या घ्यायला आत आली. "वहिनी, भाजी का मांडून बसलीस?"

"ते खर्रूब कुठून आलं?"

"तूच आणलंस ना. आई सगळ्यांना सांगत होती, आमच्या सुनेने खास कॉलेजजवळून आणलंय, अर्क आहे, पाणी-साखर घालून केलं. मला तर वाटलं तू एवढी कधीपासून सुधारलीस."

"पाणी घालून?"

"अर्क म्हटल्यावर घालावंच लागतं. मला काही मिळालं नाही, मी वाढण्यातच होते."

इनासने डोक्यात हिशेब केला. बाटलीत पाव लिटर औषध. दहा उंदीर, सात दिवस, शिवाय सांडलवंड धरून मुद्दाम जास्त भरलेलं. पिवळीत पॅरासिटामॉल असेल तर ते बारा ग्रॅम, म्हणजे चोवीस गोळ्या. भांड्यात सात ग्लास मावतात. एका ग्लासात साडेतीन गोळ्या. एकेक ग्लास घेतला असेल तर घाबरण्यासारखं काही नाही. एकट्याने पाच घेतले असतील तर आहे.

तिने चेहरा सरळ केला, कतायफचं ताट घेतलं आणि बैठकीत गेली.

"खर्रूब आवडलं ना सगळ्यांना?" तिने विचारलं. "किती किती ग्लास घेतलेत?"

हा प्रश्न कोणत्याही सुनेने पाहुण्यांना विचारू नये. पण पाहुणे संस्कारी होते.

"मी तीन," उम्म तामेर म्हणाल्या. "थांबवतच नव्हतं."

"चार," हाग्ग रऊफ म्हणाले आणि पोटावर हात ठेवला.

तामेरने आधी रीहामकडे पाहिलं, मग इनासकडे. "मी पाच घेतले, वहिनी."

"मी दोन," बदीरसाहेब म्हणाले. "मला डॉक्टरने गोड कमी सांगितलंय."

"चौदा," इनास हळूच म्हणाली.

"काय चौदा?"

"भांड्यात सात मावतात, बाबा."

इनासला खोटं बोलता येत नव्हतं. ती ताट खाली ठेवून बसली आणि तिने सगळं सांगितलं: फ्रीज, बाटल्या, उंदीर, यकृत. शेवटी म्हणाली, "चारपैकी एका बाटलीत नुसतं पाणी आहे. पिवळी तीच असू शकते."

खालच्या रस्त्यावर कंदील विकणारा ओरडत होता.

"म्हणजे चारातल्या तीन शक्यता वाईट," बदीरसाहेब म्हणाले.

"मी काही चार घेतले नाहीत," हाग्ग रऊफ म्हणाले. "एक घेतला. तोही पुरता नाही."

"मी तर ओठच लावले," उम्म तामेर म्हणाल्या. "यजमानाचं मन राखायचं म्हणून बोलले. आणि सांगायला हरकत नाही आता, मला ते खर्रूब वाटलंच नाही. चिंच लागली."

"मलाही चिंचच लागली," हाग्ग रऊफ म्हणाले. "पण हाग्गांनी खर्रूब म्हटल्यावर आपण कशाला तोंड घालायचं."

"औषधाची चव काहीही लागू शकते," इनास म्हणाली आणि तो मुद्दा तिथेच संपला.

पाच मिनिटांत तिघांच्या नऊ ग्लासांचे अडीच झाले. काचेच्या भांड्यातल्या उरलेल्या साडेचार ग्लासांचा हिशेब लागत नव्हता. सगळ्यांच्या नजरा तामेरकडे वळल्या.

"खरं सांग," रीहाम म्हणाली. लग्न ठरायच्या आधी तिने त्याच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य होतं.

"दीड."

"मग पाच का म्हणालास?"

"तुझ्या वहिनीने केलेलं. दीड कसं म्हणणार?"

आता त्याच्या पाचवरही विश्वास ठेवता येत नव्हता आणि दीडवरही. पहिला आकडा सौजन्याचा होता, दुसरा भीतीचा. इनासने विषबाधा केंद्राला फोन लावला. तिथल्या डॉक्टरने शांतपणे ऐकून घेतलं. कफ पातळ करायच्या फसफसणाऱ्या पुड्या मिळतात, त्यातलंच औषध यावर उतारा आहे, हे त्याने सांगायच्या आधी तिनेच सांगितलं.

"मग तुम्हाला माझी काय गरज?" डॉक्टर म्हणाला. "पुड्या सुरू करा. जो सगळ्यात जास्त प्यायलाय त्याला दहा वाजता घेऊन या, चार तास झाल्याशिवाय रक्तात आकडा नीट कळत नाही. बाटलीत काय होतं ते कळलं तर मात्र यायचीही गरज नाही कदाचित. ते कुणाला ठाऊक आहे?"

"एका पाकिटाला," इनास म्हणाली.

बदीरसाहेब समोरच्या औषधाच्या दुकानातून पुड्यांचा डबा घेऊन आले. चार ग्लासांत चार पुड्या फसफसल्या. हाग्ग रऊफ यांनी एक घोट घेतला आणि म्हणाले की खर्रूबपेक्षा हे बरं आहे. त्यांच्या उजव्या बाजूला दुखायला लागलं होतं. यकृत कुठे असतं हे त्यांनी इनासला विचारून घेतल्यावर ते नेमकं तिथे दुखू लागलं. उम्म तामेर आरशात डोळे बघून आल्या आणि पिवळे दिसतात म्हणाल्या. बदीरसाहेबांनी दिव्याकडे बोट दाखवलं. दिवाच पिवळा होता.

इनास स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. मक्केला एकामागून एक फोन लावले. बाई नमाजात असणार, उचलत नव्हत्या. पाकीट बाईंच्या घरी होतं, जेवणघराच्या काचेच्या कपाटात, म्हणजे नीशमध्ये, जिथे लग्नातला चहाचा सेट असतो आणि जिथून कुणीही काही काढत नाही. तिने बाईंच्या घरी फोन लावला. त्यांचे यजमान लुत्फीसाहेब निवृत्त न्यायाधीश होते.

"नीश उघडू?" ते म्हणाले. "पोरी, मी एकतीस वर्षं या घरात आहे. मी ते कपाट उघडलेलं नाही."

"साहेब, इथे चार माणसांच्या पोटात कदाचित विष आहे."

"कदाचित."

"हो, कदाचित."

"आणि पाकिटावर सही आहे. सहीचं पाकीट तिसऱ्या माणसाने फोडायचं म्हणजे लेखी परवानगी लागते."

"मी देते. माझंच काम आहे ते. पाकीट फुटलं तर वर्ष माझं जाईल, तुमचं नाही."

ती हे बोलली आणि मग तिला ते ऐकू आलं. तीन आठवडे, चाळीस उंदीर, दोन मुदतवाढी. मागे बैठकीतून तामेरच्या आईचा आवाज येत होता: "एकुलता एक आहे हो माझा."

"फोडा, साहेब," इनास म्हणाली.

फोन ओट्यावर ठेवल्यासारखा आवाज आला. मग किल्ली, मग काच सरकली, मग बश्या किणकिणल्या, मग बराच वेळ काही नाही.

"साहेब?"

"एक बशी होती वर. ठेवतोय जागेवर." मग कागद फाटला. "हं. वाचतो. 'ज्याने हे पाकीट उघडलं त्याने मला फोन करावा. यादी माझ्या पर्समध्ये आहे. हे पाकीट मी दर वर्षी एका विद्यार्थ्यासाठी करते. मुफीदा.' एवढंच. खाली तारीख आहे."

"यादी नाही?"

"पोरी, माझं तिच्याशी लग्न झालंय. मला नवल वाटलं नाही."

इनास बैठकीत परत आली. तिने सांगितलं की आता दहा वाजायची वाट पाहण्यापलीकडे काही हातात नाही. घड्याळात साडेआठ झाले होते.

हाग्ग रऊफ यांनी ग्लासातलं औषध संपवलं. मग त्यांनी घसा साफ केला. "बदीरसाहेब, मी मागच्या वेळी ईदनंतर बघू म्हणालो होतो."

"हो, म्हणालात."

"ईद अजून सहा दिवस लांब आहे. माणसाचा काय भरवसा. मुलगी चांगली आहे, घर चांगलं आहे. आपण आत्ताच फातिहा वाचून टाकू. जे व्हायचं ते नंतर होईल."

"शुद्धीत आहात ना?" बदीरसाहेबांनी विचारलं. "उद्या म्हणाल, औषधाच्या अमलाखाली वाचली."

"वाचा हो तुम्ही."

सगळ्यांनी तळहात वर केले आणि फातिहा वाचली. लग्न पक्कं झालं. रीहाम खिडकीकडे तोंड करून उभी राहिली, कारण अशा प्रसंगी हसणं बरं दिसलं नसतं. तामेरने दुसरी पुडी स्वतःहून घेतली.

नऊ वाजता दार उघडलं आणि फौकीया आत आली. तिचा दुपट्टा एका बाजूला सरकला होता आणि चेहरा लाल होता, नमाजाने होतो तसा नव्हे.

"तो शलबी," ती म्हणाली, "उद्यापासून माझ्यासाठी मेला. वीस वर्षं त्याच्याकडून रस घेते, आणि चार माणसांत मला म्हणतो, हाग्गा, हा माल माझा नाही."

"आई, बसा," इनास म्हणाली. "तुम्हाला कसं वाटतंय? तुम्ही किती ग्लास घेतलेत?"

"कशाचे?"

"खर्रूबचे."

"ते कशाला पिऊ मी?" फौकीयाने पिशवी उघडली, त्यातून बाटली काढली आणि टेबलावर आपटली. झाकणावर पिवळा ठिपका होता. बाटली काठोकाठ भरलेली होती.

इनासने ती उचलून दिव्यासमोर धरली.

"पोरी, तुला फसवलं गं कुणीतरी," फौकीया इनासला म्हणाली, आवाज एकदम मऊ करून. "दुपारी रस कमी पडेल म्हणून मी फ्रीज बघितला. तू खर्रूब आणून ठेवलेलं दिसलं. बोट बुडवून जिभेच्या टोकाला लावलं आणि लगेच थुंकून टाकलं. रोजा होता ना, स्वयंपाक करणाऱ्याला तेवढी मुभा असते. कडू जहर. मनात म्हटलं, शलबीनेच जुना माल गळ्यात मारला असणार. मशिदीच्या वाटेवरच तर आहे तो, परत करू."

"मग टेबलावर काय होतं?" हाग्ग रऊफ यांनी विचारलं.

फौकीयाने त्यांच्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "चिंच," ती म्हणाली. "शेजारच्या उम्म वाएलकडून मागून आणली. आता पाहुण्यांसमोर काय सांगणार, की शेजारणीची आहे? म्हटलं, सुनेचं नाव तरी होईल."

"मी म्हणालेच होते चिंच," उम्म तामेर म्हणाल्या.

"म्हणालात," बदीरसाहेब म्हणाले, "पण फार उशिरा. पहिल्या घोटाला म्हणाला असतात तर आम्ही सगळे एव्हाना झोपलो असतो."

हाग्ग रऊफ यांनी उजव्या बाजूवरचा हात काढला. दुखणं थांबलं होतं. ते सोफ्यात मागे रेलले आणि इतका मोठा श्वास सोडला की समोरच्या पुड्यांची रिकामी पाकिटं हलली. मग त्यांना आठवलं की त्यांनी फातिहा वाचली आहे. ते ताठ बसले. फौकीयाला अजून ते कुणी सांगितलं नव्हतं.

"फातिहा वाचून झाली, आई," रीहाम म्हणाली.

फौकीयाने आधी मुलीला पाहिलं, मग हाग्ग रऊफ यांना, मग टेबलावरच्या पुड्यांना. ती काही विचारत बसली नाही. तिने जगरूता, म्हणजे जीभ हलवत काढतात ती आनंदाची ललकारी, दिली, इतकी लांब की उम्म वाएल पलीकडून दार उघडून बाहेर आली.

मुफीदाबाईंचा फोन दहाला आला.

"सत्तावीस कॉल," त्या म्हणाल्या. "कोण मेलं?"

"कुणी नाही, बाई."

"उंदीर?"

"सगळे ठीक. वजनं घेतली." मग इनासने सगळं सांगितलं, बाटलीपासून लुत्फीसाहेबांच्या बशीपर्यंत. शेवटी म्हणाली, "पाकीट मी फोडायला लावलं, बाई."

"कळलं ते. लुत्फीने मला लेखी कळवलंय." मागे मक्केच्या मशिदीच्या आवारातली गर्दी ऐकू येत होती. "तुला पिवळ्यात काय आहे ते कळलं?"

"नाही."

"सासूला काही झालं?"

"त्यांनी थुंकून टाकलं. बाटली कडू आहे एवढंच म्हणाल्या."

"पाण्याची बाटलीही कडू केलेली आहे. चारही कडू आहेत. म्हणजे तुला काहीच कळलेलं नाही." बाईंनी घसा साफ केला. "मग काय फुटलं? कपाटाची शिस्त फुटली, ती माझी मी बघेन. बाटली भरलेली आहे ना? सकाळी सातला डोस. आणि जे झालं ते वहीत लिही. सगळं. माझ्याकडे नीटनेटक्या वह्या खूप आहेत, खऱ्या कमी आहेत."

फोन ठेवल्यावर इनास स्वयंपाकघराच्या स्टुलावर बसली आणि पहिल्यांदाच रडली. फौकीया मागून आली, तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली की शलबीशी उद्या ती स्वतः बोलेल. इनासने तिला सगळं सांगून टाकलं. फौकीयाने ऐकलं, बेसिनपाशी जाऊन तीनदा चूळ भरली, आणि शलबीची माफी कोणत्या शब्दांत मागायची यावर विचार करू लागली.

शनिवारी सात वाजता चाळीस उंदरांना डोस मिळाला. इनासने वही उघडली आणि तारखेखाली लिहिलं: "पिवळी बाटली घराबाहेर, साधारण दोन तास. तीत बोट बुडवलं गेलं. तेवढी कमी. कारण: सासूबाई, रोजा, चव."

ईदनंतर बाई परतल्या आणि त्यांनी वही तपासली. त्या पानावर त्या बराच वेळ थांबल्या, मग लाल पेनने समासात दोन शब्द लिहिले: "कोणतं बोट?"

इनास त्या संध्याकाळी पट्टी घेऊनच घरी गेली. फौकीया रीहामच्या पाहुण्यांसाठी बिस्किटं भरत होती. तिने पिठाने माखलेला उजवा हात पुढे केला, थोडा विचार केला आणि करंगळी दाखवली. मोजमाप झालं. दुसऱ्या दिवशी लाल शब्दांखाली निळ्या पेनने उत्तर लिहिलं गेलं: "उजवी करंगळी. पहिल्या पेरापर्यंत. दोन सेंटिमीटर एक मिलिमीटर."

बाईंनी खाली सही केली.